मूल आजीकडे राहील

घटस्फोटित किंवा विधवा मुलीचं दुसरं लग्न जुळवायला दोन घरची माणसं बसलेली असतात. मुलगा न्यू जर्सीत किंवा टोरांटोत नोकरीला असतो. शिक्षण, पगार, पहिलं लग्न का मोडलं, हे सगळं बोलून होतं आणि मग सगळेच जरा घुटमळतात. ही कोंडी फोडायला मुलीचा बापच पुढे होतो. "नातवाची काळजी तुम्ही करू नका. मूल आजीकडे राहील." समोरच्यांचे चेहरे सैलावतात, पोह्यांच्या बशा पुढे सरकतात आणि लग्न जवळजवळ ठरतं. ज्या सहा-सात वर्षांच्या पोराचा हा सौदा झाला, त्याला त्या दिवशी शेजारच्या काकूंकडे खेळायला पाठवलेलं असतं. त्याच्या आईला कुणी काही विचारत नाही. ती गप्प बसली, म्हणजे तिला मान्य आहे, असं धरलं जातं.

या घरांतली माणसं दुष्ट नसतात. बहुतेक जण देवाधर्माची, शिकलेली, मुलीचं भलं चिंतणारी असतात. एकदा पोळलेली मुलगी पुन्हा मार्गी लागावी म्हणून त्यांची झोप उडालेली असते. म्हणूनच मला या प्रकाराची जास्त चीड येते. दुष्टाने मूल आईपासून तोडलं तर आपण त्याला गुन्हेगार म्हणतो, चौकीवर जातो. इथे तेच काम आजी-आजोबा, मामा, मध्यस्थ आणि होणारा नवरा मिळून करतात, वर पेढे वाटतात, आणि गावभर सांगतात की बाई नशीबवान, दुसऱ्यांदा एवढं चांगलं स्थळ मिळालं.

पुढे चार लोकांनी विचारलंच, की बाई गेली आणि पोर का नाही गेलं, तर ठरलेलं उत्तर तयार असतं. व्हिसाचं फार अवघड असतं हो. सावत्र मुलाला तिकडे घेत नाहीत. कायदाच तसा आहे.

हे खोटं आहे.

अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात मूल कोणाला म्हणायचं याची व्याख्या दिलेली आहे, आणि तिच्यात सावत्र मुलाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. अट एवढीच, की ज्या लग्नामुळे हे नातं तयार झालं ते लग्न मूल अठरा वर्षांचं व्हायच्या आत झालेलं असावं. दत्तकविधान लागत नाही. मुलाचं आडनाव बदलावं लागत नाही. जन्मदात्या बापाचं नाव दाखल्यावरून पुसावं लागत नाही. आईच्या गळ्यात मंगळसूत्र पडलं, लग्नाची नोंद झाली, की त्या देशाच्या नजरेत ते मूल त्या माणसाचं मूल झालं. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल तर बायको आणि तिचं एकवीस वर्षांखालचं अविवाहित मूल, दोघंही वार्षिक कोट्याच्या बाहेर. प्रत्येकासाठी आय-१३० नावाचा वेगळा अर्ज भरायचा, इतकंच. नवऱ्याकडे नुसतं ग्रीनकार्ड असेल तर मूल आईच्याच अर्जाला जोडलं जातं. त्या वर्गाला रांग असते, पण रांगेत दोघं एकत्र उभी असतात. आणि नवरा अजून एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर असेल, तर बायकोला जो एच-फोर व्हिसा मिळतो तोच तिच्या मुलालाही मिळतो.

कागद कोणते लागतात? मुलाचा जन्मदाखला, ज्यावर आईचं नाव आहे. या लग्नाचं प्रमाणपत्र. दोघांपैकी ज्याचं आधी लग्न झालं होतं त्याचा घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा त्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, आणि आय-८६४ हे हमीपत्र, की मी माझ्या कुटुंबाला दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्नात सांभाळीन. आयटीतल्या माणसाला ही अट म्हणजे किरकोळ गोष्ट. मग मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसाची नोंद करायला माणूस तलाठ्याकडे जितक्या चकरा मारतो, त्यापुढे हे फार काही नाही.

अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा दयाळू आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. कोट्याच्या रांगेत भारतीयांची उमेदीची वर्षं तो खातो. एच-फोरवर लहानाची मोठी झालेली पोरं एकविसाव्या वाढदिवसाला त्या व्हिसातून बाहेर पडतात, हे तिकडच्या शेकडो मराठी घरांना ठाऊक आहे. तो कायदा वयाच्या बाबतीत निर्दय आहे. पण लग्न करून आणलेल्या बाईचं मूल हे त्या घरचं मूल, एवढी साधी गोष्ट त्याला सत्तर वर्षांपूर्वी कळली. आपल्याला अजून कळत नाही, आणि आपल्या न कळण्याचं खापर आपण त्याच्याच डोक्यावर फोडतो.

वधूवर सूचक मंडळांच्या याद्या चाळा. "निर्दोष घटस्फोटिता, विनापत्य" असा मजकूर पानोपानी सापडेल. घटस्फोटात तिचा दोष नाही हे आपण मोठ्या मनाने मान्य केलं आहे. पण तिला पोर असलं की तोच मोठा दोष. पुरुषांच्या रकान्यात काय असतं तेही पाहा. "पहिल्या पत्नीपासून एक मुलगी, मुलीवर माया करणारी वधू हवी." बिजवराच्या पोराला आई हवी असते म्हणून त्याचं लग्न करायचं, आणि त्या नव्या आईला स्वतःचं पोर असेल तर ते तिने माहेरी टाकून यायचं! बायको वारल्यावर वर्षाच्या आत बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषाला, "तुझी दोन पोरं आजोळी ठेव, मगच आमची मुलगी देतो", असं सांगणारा सासरा मला अजून दाखवायचाय कुणीतरी.

ही रीत जुनी आहे आणि तिला एकेकाळी कायद्याचंही पाठबळ होतं. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा आपण शाळेत सुधारणेचा विजय म्हणून शिकतो. होताच तो विजय. पण त्याची दुसरी आणि तिसरी कलमं शाळेत शिकवत नाहीत. दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. तिसऱ्या कलमाने त्या नवऱ्याच्या बापाला, आईला, किंवा त्याच्या कुठल्याही पुरुष नातेवाइकाला मुभा दिली, की बाईने लग्न केलं तर कोर्टात जा आणि तिच्या मुलांना दुसरा पालक नेमून घ्या. म्हणजे पुन्हा संसार मांडायचा तर घर सोड, आणि वेळ आली तर पोरंही सोड. हा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. त्याचं तिसरं कलम मात्र आपण दिवाणखान्यात अजून चालवतो, कोर्टाचीही गरज पडू न देता.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. विधवेशी लग्न केलं, हा त्यांचा अपराध. त्यांच्या पहिल्या पत्नीचा रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. नव्या बायकोने त्या मुलाचं करायचं, यात कर्मठांनाही वावगं दिसलं नसावं. आता उलट कल्पना करा. गोदूबाईंना पहिल्या घरचा अकरा वर्षांचा मुलगा असता तर त्या लग्नाची गोष्ट कशी झाली असती? या प्रश्नाचं उत्तर १८९३ मध्ये द्यायला अवघड होतं हे मी समजू शकतो. आज ते फिलाडेल्फियात तीन बेडरूमच्या घरात राहणाऱ्या, घरी शिवजयंती साजरी करणाऱ्या इंजिनिअरला देता येत नाही, हे मात्र मला समजत नाही.

जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि तिथे जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा आपला म्हणून वाढवला. यशवंत त्याचं नाव. त्याला डॉक्टर केलं. जोतिरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून त्याला वारस ठरवलं. ज्या मुलाशी आपला रक्ताचा, जातीचा, लग्नाचा कसलाच संबंध नाही त्याला त्या जोडप्याने नाव, शिक्षण आणि घर दिलं. त्यांचे फोटो आपल्या मंडळांच्या व्यासपीठावर असतात. आणि त्याच व्यासपीठापुढे बसलेल्या गृहस्थाला लग्नाच्या बायकोचं पोटचं पोर घरात नको असतं, कारण "उद्या आपलं झालं की दुजाभाव होईल". दुजाभाव होईल अशी भीती वाटते, म्हणून आजच संपूर्ण दुजाभाव करून टाकायचा!

या सौद्याची जी पुढची पायरी असते ती तर याहून वाईट आहे.

स्थळ कॅनडाचं असलं किंवा बाई स्वतःच पुढे कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज करणार असली, की कुणीतरी जाणता सल्ला देतो: "मूल नेणारच नाही ना, मग फॉर्मात लिहूच नका. उगाच प्रश्न कशाला?" हा सल्ला देणारा माणूस बहुधा स्वतः कधी तिकडे गेलेला नसतो. कॅनडाचा नियम असा आहे, की अर्जदाराने कुटुंबातली प्रत्येक व्यक्ती जाहीर करायची, ती बरोबर येणार असो वा नसो, आणि तिची तपासणीही करून घ्यायची. ज्याचं नाव त्या वेळी लिहिलं नाही, त्याला पुढे कुटुंब म्हणून बोलावून घेता येत नाही. आईने एकदा रकाना कोरा ठेवला की त्या मुलासाठी ते दार बंद. २०१९ च्या सप्टेंबरपासून तिथल्या सरकारने अशा काही जणांसाठी तात्पुरती सवलत आणली, ती पुढे वाढवलीही. पण ती सवलत आहे, हक्क नाही, आणि कधी मागे घेतली जाईल याचा भरवसा नाही. अमेरिकेच्या अर्जातही सगळी मुलं लिहायची असतात, येणारी आणि न येणारी. तिथे मूल लपवलं तर खोटी माहिती दिल्याचा ठपका पुढे वर्षानुवर्षं मानगुटीवर बसू शकतो.

कायद्याचा भाग क्षणभर बाजूला ठेवा. एका बाईला समोर अर्ज ठेवून सांगितलं जातं, की "अपत्ये" या शब्दापुढे शून्य लिही. तिने ज्याला नऊ महिने वाढवलं, ज्याच्या गोवरात रात्री जागून काढल्या, ते मूल तिच्याच हाताने नाहीसं करायला लावायचं. आणि हे सांगणारा तिचा भाऊ असतो, जो दर भाऊबीजेला तिच्याकडून ओवाळून घेतो.

काही घरं आणखी पक्कं काम करतात. मूल मामाच्या नावावर करायचं, रीतसर दत्तक द्यायचं, म्हणजे बाई "मोकळी". १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याचं बारावं कलम सांगतं, की दत्तक गेलेल्या मुलाचं जन्माच्या घराशी असलेलं नातं कायद्याने तुटतं. पंधरावं कलम सांगतं, की एकदा वैध दत्तकविधान झालं की ते रद्द होत नाही, आणि मुलालाही परत जन्माच्या घरी येता येत नाही. पुढे दहा वर्षांनी नवऱ्याला उपरती झाली, बाईला हिंमत आली, तरी ती आता कायद्याने त्या मुलाची आत्या उरते. ज्या वकिलांनी असे कागद केले त्यांनी त्या बाईला एकटीला समोर बसवून ही दोन कलमं मराठीत समजावली होती का, एवढंच मला विचारायचं आहे.

"कायमचं कुठे ठेवतोय? आधी तिला तिकडे स्थिर होऊ दे, मग दोन वर्षांनी नेऊ की." हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि क्वचित ते खरंही ठरतं. पण बहुतेक वेळा त्या दोन वर्षांत तिकडे दुसरं मूल होतं. मग धाकट्याचं पाळणाघर, घराचे हप्ते. इकडे थोरल्याची शाळा बदलायची नको, स्कॉलरशिपची परीक्षा आहे. मग दहावी होऊ दे. मग बारावी. आजीचं वय होतं, आजोबा जातात, आणि एक दिवस वीस वर्षांचा मुलगा स्वतःच आंतरजालावर शोधून काढतो, की आईचं लग्न झालं त्या दिवसापासून आपला अर्ज भरता आला असता. एकविसावं वर्ष उलटलं की कोट्याबाहेरचा रस्ता संपतो आणि कित्येक वर्षांची रांग सुरू होते. एक गोष्ट तर त्याआधीच हातची जाते. सावत्र बाप अमेरिकी नागरिक असला तरी त्याने दत्तक घेतल्याशिवाय मुलाला त्याच्याकडून नागरिकत्व मिळत नाही. ते आईकडून मिळतं. ग्रीनकार्डावर आईजवळ राहणारं मूल अठरा वर्षांचं व्हायच्या आत आई नागरिक झाली, तर ते आपोआप नागरिक होतं. म्हणजे ज्या वर्षांत आपण "दहावी होऊ दे" म्हणतो, तीच वर्षं मोलाची असतात. ब्रिटनचा नियम तर या दिरंगाईला थेट शिक्षा करतो. एकट्या आईने मागे ठेवलेलं मूल बोलवायचं तर त्याच्या वाढीची संपूर्ण जबाबदारी आपणच पार पाडत आलो, हे तिला पुराव्यानिशी दाखवावं लागतं. शाळेचे निर्णय आजोबा घेतायत, दवाखान्यात मामा नेतोय, तर ते ती कुठून दाखवणार?

मग येतो पहिला नवरा. मुलाला परदेशी न्यायचं तर त्याची सही लागेल, हे त्याला कुणीतरी सांगतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या पितृत्वाची आठवण होते. पोटगी थकवणारा, वाढदिवसाला फोन न करणारा बाप आता सहीची किंमत सांगू लागतो. थकलेली रक्कम सोड, दागिने परत कर, अमुक केस मागे घे. ही खंडणी आहे, आणि तिला बळी पडायची गरज नाही. अल्पवयीनाच्या पासपोर्टासाठी दुसऱ्या पालकाची संमती नसेल तर एकट्या पालकाने प्रतिज्ञापत्र द्यायची सोय पासपोर्टच्या नियमांत आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईलाही नैसर्गिक पालक मानायचा रस्ता मोकळा केला. मुलाला परदेशी नेण्याची परवानगी कौटुंबिक न्यायालयाकडे मागता येते, आणि तिथे मोजलं जातं ते मुलाचं हित.

पण इथे मी दुसरी बाजू झाकून ठेवणार नाही. सगळेच बाप असे नसतात. घटस्फोटानंतरही दर रविवारी मुलाला बागेत नेणारे, शाळेच्या फिया भरणारे बाप आहेत, आणि त्यांच्यासाठी मूल समुद्रापलीकडे जाणं म्हणजे मूल जाणंच. त्यांचा विरोध खंडणीसाठी नसतो. अशा वेळी सुट्टीतल्या भेटी, दर आठवड्याचं बोलणं, तिकिटाचा खर्च कोणी करायचा, हे सगळं न्यायालयात लिहून घ्यावं लागतं, आणि तरीही त्याचं दुःख उरतंच. या प्रश्नाला स्वच्छ उत्तर नाही. मात्र "मूल आजीकडे राहील" म्हणणाऱ्या किती घरांनी हा बाप जवळ आहे म्हणून मूल इथे ठेवलं? त्या बापाकडेही मूल सोपवलेलं नसतं. ते असतं आजीकडे, कारण ते कोणालाच नको असतं आणि आजीला नाही म्हणता येत नाही.

आपला कायदाही सावत्र नात्याशी फटकूनच वागत आला आहे, हे खरं. हिंदू पालकत्व कायद्याचं सहावं कलम स्पष्टीकरण देऊन सांगतं, की बाप या शब्दात सावत्र बाप येत नाही. वारसा कायद्यात सावत्र मुलाला सावत्र बापाचा वारस म्हणून जागा नाही. बापाने मृत्युपत्र केलं तरच काही मिळेल. तरीही २०२२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या एका प्रकरणात जे म्हटलं ते घराघरात वाचलं जायला हवं होतं. नवरा वारला तेव्हा त्या बाईचं मूल जेमतेम अडीच महिन्यांचं होतं. तिने पुन्हा लग्न केलं आणि मुलाला नव्या घराचं आडनाव दिलं. पहिल्या सासरच्यांनी दावा लावला. उच्च न्यायालयाने सांगितलं, की कागदपत्रांत नव्या नवऱ्याचा उल्लेख सावत्र बाप असाच करावा. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्देश जवळजवळ क्रूर ठरवला, मुलाच्या मनावर आणि स्वाभिमानावर काय परिणाम होईल याचा विचार त्यात केलेला नाही असं सांगितलं, आणि पुन्हा लग्न केलेल्या आईला मुलाला नव्या कुटुंबात सामावून घेण्यापासून कोणी अडवू शकत नाही हेही स्पष्ट केलं. अडवणारे कोण होते? आजी-आजोबा. न्यायमूर्तींना दिसलं ते आपल्या मध्यस्थ मंडळींना कसं दिसत नाही?

आता तिकडच्या मराठी समाजाकडे वळतो. ढोलताशा पथकं, रविवारच्या मराठी शाळा, दिवाळी अंक, अधिवेशनं, सगळं कौतुकाचं. मुलांना मराठी यावी म्हणून तिथले आईबाप जे कष्ट घेतात त्यांना मी मनापासून मानतो. पण याच समाजात, आपल्या ओळखीतल्या एखाद्या बाईचं आठ वर्षांचं मूल कोल्हापुरात किंवा नागपुरात आहे, हे वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी काढत नाही. हळदीकुंकवाला ती "एकच मुलगी" म्हणते आणि बायका मान हलवतात. तिची अब्रू झाकली असं त्यांना वाटतं. तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन, "तुझा आय-१३० कुठे अडलाय?" असं विचारणारा एखादा मित्र त्या घोळक्यात निघू नये? लग्नाआधी ज्यांनी एच-वन बीच्या मुदतवाढीवर एकमेकांना तासन्‌तास सल्ले दिले, तेच हे मित्र. कागदांची त्यांना कसली भीती!

आणि ज्याने आणलं, त्याचं काय? बायकोचं मूल आणणाऱ्या पुरुषाचा आपण असा सत्कार मांडतो, की जणू त्याने स्वतःचं मूत्रपिंड दिलं. "किती मोठं मन!" हे वाक्य त्या मुलासमोर म्हटलं जातं, पाहुणे आले की पुन्हा म्हटलं जातं, आणि सात वर्षांचं पोर शिकतं, की आपण या घरात कुणाच्या तरी मोठ्या मनामुळे जेवतो. बिजवराच्या दोन पोरांना वाढवणाऱ्या बाईचं मन मोठं आहे, असं कोणी म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. तिच्या हातून एक धपाटा बसला की ती सावत्र आई. हमीपत्रावर सही करताना अमेरिकेचं सरकार त्या पुरुषाला त्याचं मन केवढं आहे ते विचारत नाही. ते त्याला बांधून घेतं. मूल नागरिक होईपर्यंत, किंवा चाळीस तिमाह्यांच्या कामाची नोंद होईपर्यंत, किंवा ते देश कायमचा सोडेपर्यंत ही जबाबदारी त्याची. उद्या घटस्फोट झाला तरी ती संपत नाही. आपल्या सप्तपदीत बायकोच्या मुलासाठी एकही पाऊल नाही, ही गोष्ट पुरोहितांनीही कधीतरी मनावर घ्यावी.

ज्या घरी अशा लग्नाची बोलणी सुरू असतील त्यांना काही कामं सांगतो, आणि ती साखरपुड्याआधीची आहेत. मुलाचा पासपोर्ट आधी काढा. जन्मदाखल्यावरची नावं आणि घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातली नावं अक्षरशः जुळतात का ते तपासा, कारण "सुनिता" आणि "सुनीता" एवढ्या फरकापायी अर्ज परत येतात. मुलाचा ताबा कोणाकडे, परदेशी नेण्याबद्दल काय ठरलं, हे हुकूमनाम्यात नसेल तर कौटुंबिक न्यायालयात आत्ताच अर्ज करा. होणाऱ्या जावयाला बैठकीतच विचारा, की तो कोणत्या व्हिसावर आहे, नागरिक आहे की ग्रीनकार्डधारक, आणि मुलाचा अर्ज बायकोच्याच दिवशी भरणार का. त्याने "बघू" म्हटलं तर तिथेच उठा. आणि ही बोलणी मुलगी आत चहा करत असताना करू नका. तिला खुर्ची द्या, मुलाबद्दलचा पहिला शब्द तिला बोलू द्या, आणि तिचा बाप ते वाक्य उच्चारायला तोंड उघडेल तेव्हा मध्यस्थाने त्याला थांबवावं.